खिशात सापडेल ते परत

कतारमध्ये, अल रय्यानमधल्या एका लाँड्रीत मी अकरा वर्षं काउंटर सांभाळतो आहे. आमच्याकडे एक नियम आहे. कपडा मशिनमध्ये जाण्याआधी त्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे सापडेल ते छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवी बिलाला स्टेपल करायची आणि धुतलेल्या कपड्यांबरोबर गिऱ्हाइकाला परत द्यायची. चावी, पेन, औषधाची गोळी, चुरगळलेली पावती, काहीही असो. विचारायचं नाही आणि ठेवून तर अजिबात घ्यायचं नाही.

हा नियम मालकानं केलेला नाही. तो मी सुरू केला. नवीन असताना एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थांच्या थोबच्या खिशात, म्हणजे त्यांच्या त्या लांब पांढऱ्या अंगरख्याच्या खिशात, मला एक अंगठी सापडली होती. मी ती परत दिली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खजुराचा डबा घेऊन आले आणि मॅनेजरसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून अरबीत बरंच काही बोलले. तेव्हापासून मॅनेजर नव्या माणसाला माझं उदाहरण देतो. मलाही ते आवडायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावातून आलेल्या, बारावी नापास माणसाकडे परदेशात दाखवण्यासारखं दुसरं काय असतं? मी प्रामाणिक होतो, आणि ते चार लोकांना माहीत होतं.

इस्त्रीवर रत्नागिरीकडचे एक चाचा आहेत. साठीला आलेले. तीस वर्षं थोब आणि गुत्रे इस्त्री करून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय. गुत्रा म्हणजे डोक्यावरचा रुमाल; त्याची पुढची घडी ते अशी उभी करतात की लोक मुद्दाम लांबून आमच्याकडे कपडे आणतात. माझ्या नियमाची त्यांनी कायम चेष्टा केली.

"काय प्रामाणिकराव, आज काय गावला?"

"शर्टाचं बटण."

"लाव पिशवीत. नायतर सरकार पडेल."

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक रिलॅक्सेशन सेंटर होतं. पाटीवर एक कमळ आणि तीन गुळगुळीत दगड. आत काय चालतं हे पाटीवर नव्हतं, पण लाँड्रीवाल्याला पाटी वाचावी लागत नाही. त्याच्याकडे चादरी येतात. आठवड्यातून तीनदा बोजा यायचा: आठ मरून रंगाचे कुर्ते, म्हणजे आठ बायका, आणि चादरी साठ, सत्तर, शुक्रवारनंतर शंभरच्या वर. खांदे दाबून घ्यायला आलेला माणूस चादर अशी करत नाही. मशिनवाला त्या चादरी वेगळ्या पाण्यात टाकायचा आणि नंतर हात धुऊन यायचा. आम्ही त्या गिऱ्हाइकाला 'वरचं' म्हणायचो. बिलाच्या आमच्याकडच्या प्रतीवर मी तसंच लिहायचो, मराठीत, कारण घाईत मला इंग्रजी लिहायला वेळ लागतो. गुरुवारी संध्याकाळी त्या गल्लीत पांढऱ्या गाड्या लागायच्या, त्यातून वेगवेगळ्या देशांची माणसं उतरायची आणि फोनमध्ये बघत जिना चढायची. हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत असणं आणि त्याबद्दल काही करणं यांच्यात इथं इतक्या भिंती आहेत, व्हिसाची, भाषेची, भीतीची, की मधे कुणी जातच नाही.

आता जे सांगायचं आहे ते लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. खोलीत फिरून आलो. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतो.

मी तो जिना एकदा चढलो होतो.

दुपारची वेळ होती. इथं एक ते चार दुकानं बंद असतात, रस्ते रिकामे असतात. सेंटरचा ड्रायव्हर आजारी होता म्हणून बोजा पोचवायला मीच गेलो. तिथली मॅडम, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली, हिंदी फार गोड बोलणारी बाई, तिनं मला लिंबाचा चहा दिला. म्हणाली, "भाईसाब, आप हमेशा नीचे से ही चले जाते हो. हम क्या पराये हैं?" मी हसलो. उठून जायला हवं होतं. शेवटच्या सुट्टीनंतर घरून निघून दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते, पण हे कारण मी पुढं करत नाही. तसे दिवस चाचांनीही काढलेत, आणि ते कुठलाही जिना चढले नाहीत. मी चढलो. निघताना मी खिशात हात घातला तर मॅडम म्हणाली, "छी! लाँड्रीवाले तो अपने आदमी हैं."

आतल्या त्या मुलीबद्दल मला एवढंच आठवतं की तिनं विचारलं होतं, एसी कमी करू का. तिला वाटलं मी थंडीनं थरथरतोय.

त्यानंतर चार दिवस मी बायकोचा फोन उचलला नाही. नेट चालत नाही असा मेसेज टाकला. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, जेवता ना नीट? आवाज असा का येतोय?" मी म्हणालो, सर्दी आहे. तिनं काढा कसा करायचा ते सांगितलं, आणि मी तो लिहून घेत असल्याचं नाटक केलं.

मॅडमनं ती गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. फक्त काउंटरवर कधी आली तर जरा जास्त हसायची. "अपने आदमी" म्हणायची. तेवढं पुरायचं.

जिन्याच्या त्या दुपारनंतर साधारण वर्षभरानं ती नेपाळी मुलगी आली. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढं कळलं, पण इथं लिहिणार नाही. बोजे जास्त असले की ड्रायव्हर मदतीला एका बाईला घेऊन यायचा. त्या सोमवारी तिला आणलं होतं. बुरख्यासारख्या काळ्या अबायाखाली मरून कुर्ता, वय पंचवीस-सव्वीस. ड्रायव्हर गाडीतून दुसरा बोजा आणायला गेला आणि ती काउंटरवर वाकून मी काय लिहितोय ते पाहू लागली.

"दाइ, आप नेपाली?"

"नहीं, इंडिया. महाराष्ट्र."

"पर ये तो मैं पढ़ सकती हूँ!" तिनं बिलावर बोट ठेवलं आणि अक्षर लावत वाचलं, "वरचं. साठ... चादर. वरचं माने?"

"ऊपरवाला."

"ऊपरवाला? भगवान?"

"नहीं नहीं. पहला माला."

ती इतकी मोठ्यानं हसली की मागून चाचांनी मान बाहेर काढली. ड्रायव्हर दारातूनच ओरडला, "यल्ला, यल्ला!" आणि तिचं हसू तिथल्या तिथं बंद झालं. पण जाताना तिनं परत एकदा माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

नंतर ती आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "दाइ के घर में कौन-कौन है?" मी सांगितलं, बायको, दोन मुली, आई. तिनं सांगितलं, तिची एक दिदी आहे, ती पोखऱ्याजवळ शाळेत स्वयंपाक करते. तिसऱ्यांदा ड्रायव्हर तिच्या अगदी शेजारी उभा होता. ती काही बोलली नाही. मी बिलाची गुलाबी प्रत फाडली, ती ड्रायव्हरनं न घेता काउंटरवरच टाकली आणि तिनं उचलली.

पुढच्या बोजात, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, मी मरून कुर्त्यांचे खिसे उलटे करत होतो. पाचव्या कुर्त्याच्या खिशात तीच गुलाबी प्रत निघाली, चार घड्या घातलेली. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेननं चार ओळी होत्या. सुरुवात होती, 'लुगा धुने दाइलाई नमस्ते.' कपडे धुणाऱ्या दादाला. पुढं होतं, 'मेरी दिदीलाई यो नम्बरमा फोन गरिदिनुहोला.' नंबर होता. मग पासपोर्टाबद्दल आणि मॅडमबद्दल काहीतरी, आणि शेवटी, 'मलाई यहाँबाट निकाल्नुहोस्.'

मला नेपाळी येत नाही. पण ते वाचून न कळायला माणूस दगड असावा लागतो. 'मलाई'मधला 'मला' कळतो. 'दिदी' कळतं, 'फोन' कळतो. 'निकाल्नुहोस्' हिंदीवरून कळतं. मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तर ते तिच्या आवाजात ऐकू आलं.

"काय गावला?" चाचांनी मागून विचारलं.

"काही नाही. आपलंच बिल आहे."

तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि दिवसभर काम केलं. काम कसलं, नुसता हललो. एका जागी उभं राहवेना. तीन वेळा पाणी प्यायलो, दोन वेळा बाहेर जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालून आलो. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे कपडे दिले. डोक्यात एकच चक्र चालू होतं. फोन केला तर दिदी कुणाला तरी सांगणार, पोलीस येणार. पोलीस आले की मॅडमला विचारणार, कोणकोण यायचं. त्यांच्या जिन्यात कॅमेरा आहे. मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणेल, हा तर आमचाच माणूस. मग नोकरी, व्हिसा, गाव, बायको. मोठीची बारावी होती त्या वर्षी.

संध्याकाळी ड्रायव्हर कपडे न्यायला आला. मी त्यांचे गठ्ठे काउंटरवर ठेवले. आणि मग मी खिशातून तो कागद काढला, छोट्या पिशवीत घातला आणि बिलाला स्टेपल केला. एक पिन पुरते. मी दोन मारल्या.

मी स्वतःला सांगितलं, नियम आहे. खिशात सापडेल ते परत. पण मी तो कागद फाडू शकलो असतो. कचऱ्यात टाकू शकलो असतो, शौचालयात सोडू शकलो असतो. भ्यालेल्या माणसानं तेवढं केलं असतं, आणि तिला दुसऱ्या कुणाकडे प्रयत्न करायला वाव राहिला असता. मी फाडला नाही, कारण मला नुसता स्वतःचा जीव वाचवायचा नव्हता. मी तुमच्या बाजूचा आहे हे मॅडमला कळावं, अशी माझी इच्छा होती. ती त्या वेळी मी शब्दांत मांडली नसेल, पण हाताला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅप आला. 'शुक्रन भाईसाब. आप अच्छे आदमी हो.' आणि जोडलेले दोन हात.

त्यानंतरच्या बोजात सात कुर्ते आले.

मी सात परत मोजले. मशिनवाल्याला विचारलं, एक राहिला का? नव्हता राहिला. तिच्याऐवजी ड्रायव्हरबरोबर कुणीच आलं नाही. त्याला विचारायचं धाडस झालं नाही. मी दुपारच्या सुट्टीत त्या गल्लीतून चकरा मारू लागलो. टायरच्या दुकानात हवेचा दाब विचारायचो, माझ्याकडे गाडी नसताना. दुकानदार म्हणाला, "भाई, सायकल ले लो पहले." वर खिडक्यांना हिरवे पडदे होते, ते कधी हलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवेना म्हणून सूक वाकिफच्या बाजारात गेलो, मसाल्यांच्या गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या, काहीही न घेता परत आलो. जेवण उतरेना. वाटायचं, कामातनं चूक निघेल, कुणी ओरडेल, मला शिक्षा होईल, म्हणजे बरं वाटेल. पण काही झालं नाही. मॅनेजरनं नव्या माणसाला पुन्हा माझी अंगठीची गोष्ट सांगितली. मी उठून मागं गेलो.

सोळाव्या दिवशी वरचा बोजा आलाच नाही. ड्रायव्हरचा फोन बंद. मी टायरवाल्याकडे धावलो. त्यानं सांगितलं, चार दिवसांपूर्वी एक बाई तिथून निघून गेली, आणि आज सकाळी पोलीस आले, सगळ्यांना घेऊन गेले, दाराला कागद चिकटवला. "खलास," तो म्हणाला, आणि नळी उचलून कामाला लागला.

मी परत आलो. चाचा एका थोबच्या बाहीवर इस्त्री फिरवत होते. मी सांगितलं, वरचं बंद झालं.

"बरा झाला," ते म्हणाले. "पोरी सुटल्या असतील."

"चाचा, मला एक सांगायचंय."

आणि मी सांगितलं. कागदाचं सगळं. जिन्याचंही सांगितलं, मान खाली घालून. त्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली. वाफ सुटत राहिली.

"वाचलास तू?"

"हो."

"कळला तुला?"

"कळलं."

"आणि दिलास परत?"

मी मान डोलावली.

"मला का नाय दाखवलास?"

"तुम्हाला ती अक्षरं येत नाहीत, चाचा." ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. घरात आमच्यासारखंच मराठी, पण बिलं मीच वाचून दाखवायचो.

"अक्षरां नाय येत," ते ओरडले, तीस वर्षांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नसेल, "पण नंबर तर वाचता येतो ना मला! फोन लावता येतो ना!"

मग त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. म्हणाले, "जी बाई आधी निघून गेली, ती हीच असेल तर कुठं जाईल? पोलिसाकडं नायतर तिच्या वकिलातीत. रविवारी तुझी सुट्टी हाय. माझी मी घेतो. बिलांच्या प्रती घे, त्यावर त्या मॅडमचा मोबाईल नंबर हाय. कामाला येतील."

"आणि त्यांनी मला विचारलं तर?"

"तर सांग. त्याच्यासाठीच जातोय ना आपण?"

रविवारी आम्ही मेट्रोनं गेलो. चाचांनी पांढरा शर्ट घातला होता, मांडीवर बिलांची पिशवी. सगळ्या वाटेत ते एवढंच म्हणाले, "उतरायचा आहे." नेपाळी वकिलातीत मजुरांची गर्दी होती. कुणाचा पगार अडकलेला, कुणाचा भाऊ बांधकामाच्या साइटवर मेलेला. आमचा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या कारकुनाला मी सेंटरचा पत्ता सांगितला, बिलं दाखवली. तो वर-खाली बघत राहिला. मग आत गेला आणि आम्हाला बाजूच्या खोलीत बसायला सांगून गेला.

दहा मिनिटांनी दार उघडलं. त्याच्याबरोबर ती होती.

अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर, पायांत नव्या चपला. चेहरा उतरलेला होता. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "दाइ!"

ती खरंच आनंदली होती. ती ओरडली असती, थुंकली असती तर मी तयार होतो. मी सगळ्या वाटेत त्याचीच तयारी केली होती. या आनंदाची मी तयारी केली नव्हती.

ती आमच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. कारकून बिलांवरच्या तारखा एका फॉर्मवर उतरवू लागला. ती हिंदीत सांगत होती, तुटक, मधेच थांबत. त्या कागदाची पिशवी मॅडमनं उघडली. सगळ्या मुलींना एकत्र बोलावलं. तिच्याच हातात कागद दिला आणि मोठ्यानं वाचायला लावला. मग प्रत्येक ओळीचं हिंदी करून सांगायला लावलं. मग तिला आतल्या खोलीत ठेवलं. बाहेरचा जिना तिनं बारा दिवस पाहिला नाही. माणसं मात्र आत येत होती.

"फिर एक आदमी आया," ती म्हणाली. "हमारे पास आनेवाला ही. मैं रो रही थी. उसने पूछा क्या हुआ. मैंने बता दिया. उसने अपना फोन दे दिया, और बाहर मैडम को बातों में लगा के रखा. मैंने दिदी को फोन किया. दिदी ने यहाँ. अगले दिन वही आदमी गाड़ी लेके नीचे आया, मैं पीछे की सीढ़ी से..." ती थांबली. "उसका नाम भी नहीं पूछा मैंने."

तो पण एक गिऱ्हाईकच होता. मी जिना चढलो तसाच तो चढला होता. हे मला तेव्हा कळलं, आणि खुर्ची टोचायला लागली.

मग तिनं विचारलं. फार हळू, जणू मलाच लाज वाटू नये म्हणून.

"दाइ, वो कागज़... आपने देखा था?"

चाचा माझ्याकडे पाहत होते. कारकुनाचं पेन थांबलं नव्हतं. मला माहीत होतं काय बोलायचं आहे. तेच बोलायला मी आलो होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"नहीं. उस दिन मैं काउंटर पे नहीं था. पैकिंग इन्होंने की थी."

मी बोट केलं चाचांकडे. नुसतं खोटं बोललो असतो तर वेगळं. मी बोट केलं.

मला वाटलं आता चाचा उठतील आणि माझ्या थोबाडीत मारतील. त्यांनी मारायला हवं होतं.

"हाँ बेटी," चाचा म्हणाले. "मैंने डाला. अपने को ये अक्षर आता नहीं. समझा बिल का कागज है, तो बिल के साथ लगा दिया. गलती हो गई बेटी. बहुत बड़ी गलती हो गई."

त्यांनी हात जोडले. साठीचा माणूस, खांदा खाली आलेला, माझ्यासाठी हात जोडून बसला होता.

ती रडू लागली. पण ते रडणं वेगळं होतं, आतलं काहीतरी सैल झाल्यासारखं. ती चाचांना म्हणाली, "आपकी क्या गलती, चाचा. आपको पढ़ना ही नहीं आता था." मग माझ्याकडे वळली. "मैंने सोचा था दाइ ने पढ़के भी दे दिया. मैं रोज़ दाइ को गाली देती थी. रोज़. माँ-बहन की." ती रडता रडता हसली. "माफ करना, दाइ."

मी म्हणालो, "कोई बात नहीं."

हेच शब्द. मी ते बोललो. तिनं मागितलेली माफी मी दिली.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसत होतं. चाचा भराभर चालत होते. मी मागून पळत गेलो. "चाचा, तुम्ही का..."

ते वळले. "तुझ्यासाठी नाय बोललो मी, समजलास? तुझी लाज राखायला माझ्याकडं वेळ नाय." त्यांनी फाटकाकडे हात केला. "दोन-चार दिवसांत ती विमानात बसेल. या देशात तिनं एका माणसावर भरवसा टाकला, अक्षर ओळखीचा वाटला म्हणून. तो माणूस हरामखोर निघाला हे डोक्यात घेऊन ती घरी जाणार होती. आता नाय घेऊन जाणार. बस."

"मी परत जातो. तिला खरं सांगतो."

"कशाला? तुझा ओझा उतरवायला तिच्या डोक्यावर ठेवणार?"

ते मेट्रोकडे निघून गेले. मी तिथंच उभा राहिलो. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. पहारेकऱ्यानं विचारलं, काय हवंय? मी आत शिरलो आणि थेट त्या कारकुनाच्या खिडकीशी गेलो. रांगेतली माणसं ओरडली. मी त्याला म्हणालो, तुमच्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती करायची आहे. तो कागद मॅडमकडे चाचांनी नाही, मी पाठवला. वाचून पाठवला. त्यात काय लिहिलं होतं हे मला कळलं होतं. आणि त्या सेंटरमध्ये मी एकदा गेलो होतो, तेही लिहा.

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म काढला, एक ओळ खोडली, तीन ओळी लिहिल्या आणि फिरवून माझ्यापुढं ठेवला. त्याचं अक्षर सुंदर होतं. मी सही केली, पुढं फोन नंबर आणि माझ्या ओळखपत्राचा क्रमांक लिहिला.

"ये फाइल में जाएगा," तो म्हणाला. "मैडम के केस में आपको बुला सकते हैं. समझ रहे हो ना?"

"समझ रहा हूँ."

तो पेनाचं टोपण लावत म्हणाला, "वो अंदर ही बैठी है. उसको बताऊँ?"

रांग माझ्या पाठीला टेकली होती. आतलं दार अर्धं उघडं होतं आणि त्या मोठ्या स्वेटरची एक बाही मला दिसत होती.

मी नको म्हणालो. चाचांचं म्हणणं पटलं म्हणून नको म्हणालो, की सुटका मिळतेय म्हणून, हे मी त्या दिवशी मेट्रोत सबंध वाट उभा राहून स्वतःला विचारलं. बसायला जागा होती. अजूनही मला सांगता येत नाही.